झोडायचा दगड

लोणावळा स्टेशनच्या पुण्याकडच्या टोकाला सिग्नलच्या लोखंडी पेटीचं दार उघडून संदेश आत डोकं घालून उभा होता, तेव्हा खिशातला फोन थरथरला. पेटी उघडी असताना फोन बघायचा नाही, हे हाताखालच्या पोरांना तोच दरडावून सांगत आलेला. तरी त्यानं बघितला, कारण रविवार होता, आणि वरच्या निवासी शाळेत पोरांच्या हातात फोन देतात तो फक्त रविवारी, तासाभरापुरता. समीक्षाच असणार. व्हिडिओ होता. राखाडी कोटातली पोरं गोल करून उभी, मध्ये काळा बसका दगड, आणि दगडावर हिरवं नऊवारी नेसलेली, डोक्यावर पदर घेतलेली, कंबरेत वाकलेली एक म्हातारी. पोरं एका सुरात ओरडली, आजी, ऊठ ना. म्हातारीनं मान हलवली. पुन्हा ओरडली. पुन्हा मान हलली. तिसऱ्यांदा ओरडली तशी म्हातारी गुडघ्यावर हात देऊन उठली, हसली, सगळ्यांवरून हात फिरवल्यासारखं केलं, आणि टाळ्या. मग म्हातारीनं पदर मागं टाकला तर ती त्याची सतरा वर्षांची पोरगी. खाली लिहिलेलं होतं, पप्पा ही रिहर्सल आहे, खरं अजून भारी होणार, पुढच्या रविवारी आजीला घेऊन नक्की या. संदेशनं फोन खिशात टाकला आणि पेटीतल्या तारांकडं बघत राहिला. कुठली तार तपासायला आपण आत वाकलो होतो ते त्याला आठवेना. मागं मालगाडी धडधडत गेली, तिचा वारा पाठीला लागला, तरी आठवेना. वीस वर्षांच्या नोकरीत असं पहिल्यांदा झालं. त्यानं पेटी बंद केली, कुलूप लावलं आणि कठड्याला टेकून एखाद्या आजारी माणसासारखा खाली बसला.

तो दगड त्याच्या घरचा. शाळेचं गेट झालं, गेटवर कमान झाली, कमानीवर दिवे लागले, त्याच्या आधी तिथं त्यांची भाताची खाचरं होती, कार्ल्याच्या पुढं डोंगराच्या पायथ्याला उतरंडीसारखी एकाखाली एक. त्यातल्या मधल्या खाचराच्या बांधाला हा दगड. त्याला नाव नव्हतं. त्याच्यावर भात झोडत. पेंडी दोन्ही हातांनी धरायची, डोक्यावरून मागं न्यायची आणि दगडावर आपटायची, की दाणे पुढच्या गोणपाटावर सांडत. आय झोडायची, तेव्हा बाकीच्या बायका तिच्या शेजारी उभ्या राहत नसत, कारण तिच्या पेंडीचा फटका लांब जायचा. दगड मधोमध गुळगुळीत झालेला होता आणि उन्हात तापला की त्याला भाताच्या पेंढ्याचा वास यायचा. आज शाळेच्या माहितीपत्रकात त्याला प्राचीन शिळा म्हणतात. त्याच्याभोवती लॉन आहे. लॉनवर चालायचं नाही अशी पाटी आहे.

आयनं त्या दगडावर बसण्याचा प्रकार केला तेव्हा संदेश एकोणीस वर्षांचा होता. भात निघालेलं होतं, खाचरं सुकलेली होती, आणि सकाळी जमीन सपाट करायचा डोझर आला. आय विळा घेऊन गवताला गेलेली. डोझर तिच्या बांधावर चढला तशी ती आली, विळा कंबरेला खोचला आणि दगडावर बसली. शिव्या नाहीत, रडणं नाही, छाती पिटणं नाही. नुसती बसली. डोझरवाल्यानं हॉर्न वाजवला, मग मशीन बंद करून तो बिडी ओढत बसला. गाव जमलं. गावाला काय, कामधंदा नसला की गाव जमतं. कोणीतरी म्हणालं, अंबाजीच्या बायकोला लागलं याड. बायका हसल्या. त्यातल्या भामाबाईनं तर म्हणे टाळी दिली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याच रानात डोझर शिरला तेव्हा ती घरात कडी लावून बसली. संदेश भाकरीचं फडकं हातात धरून बांधावर उभा होता. आईला भाकरी द्यायला पाठवलेला. पुढं जाऊन फडकं तिच्या हातात द्यायचं एवढंच काम होतं, आणि त्याला ते झालं नाही. कारण पुढं गेलं तर आपण तिच्या बाजूचे झालो, आणि मागं सरकलं तर कोणाच्या बाजूचे झालो ते त्याला कळत नव्हतं. ऊन डोक्यावरून मागं सरकलं, सावल्या लांबल्या, तसा बा आला. अंबाजी. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो बायकोसमोर उभा राहिला आणि नेहमीच्या आवाजात, म्हशीला पाणी दाखवलं का असं विचारावं तशा आवाजात म्हणाला,

"ऊठ. सई झालीय."

"कदी?"

"आखाडात."

आय त्याच्याकडं बघत राहिली. आषाढात जमीन विकल्याच्या कागदावर सही झालेली. म्हणजे तिनं चिखलात वाकून रोपं लावली ती सही झाल्यावर. बेणणी केली, तण उपटलं, ती सही झाल्यावर. रात्रीची रानडुकरं हाकलायला माळ्यावर जाऊन डबा बडवला, कापणी केली, ह्याच दगडावर पेंड्या झोडल्या, सगळं सही झाल्यावर. नवरा शेजारच्या ओळीत वाकून रोपं लावत होता आणि त्याला माहीत होतं. ती एवढंच म्हणाली, "म्हंजी मी आवणी केली ती कुनाच्या रानात?" आणि उठली. ती संदेशच्या अंगावरून गेली, त्याच्या हातातलं फडकं तिनं घेतलं, आणि घरी जाऊन ती भाकरी तिनं म्हशीला घातली. त्यानंतर बा वारला तोपर्यंत, म्हणजे बरीच वर्षं, ती त्याच्याशी बोलत होती, त्याला वाढत होती, दुखण्यात त्याचं सगळं करत होती, पण त्याला कधी काही विचारलं नाही. एकसुद्धा प्रश्न नाही. भात वाढू का, हेसुद्धा नाही. वाढायची. हे घरात दुसऱ्या कोणाच्या लक्षात आलं नसेल. संदेशच्या आलं आणि त्याचा त्याला आयुष्यभर उपयोग झाला नाही.

मग शाळा उभी राहिली. दगड उचलायला डोझरला जड गेला, आणि साहेब लोकांपैकी कोणी म्हणालं, राहू द्या, छान दिसतोय. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या पोरांना कामं मिळाली, म्हणजे बागेला पाणी, संडासाची सफाई, गेटवर काठी. संदेश बागेला पाणी घालत होता. आपल्याच खाचरात नळीनं विलायती गवताला पाणी घालायचं हे काम माणसाला एकतर वेडा करतं किंवा मवाली. संदेश तिसरंच झाला, तो अर्ज भरायला लागला, दिसेल त्या जागेचा, आणि त्यातून पुढं रेल्वेत लागला. पण त्याच्या आधी, शाळेच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी, दोन पोरं टेपरेकॉर्डर घेऊन त्याच्यासमोर आली. एक पोरगा, एक पोरगी. गोरीपान, गालांवर तूप लावल्यासारखी. त्यांच्या अभ्यासक्रमात परिसराची ओळख असा विषय होता. दादा, ह्या दगडाचं काही महत्त्व आहे का, पोरीनं विचारलं. विचारताना तिनं टेप त्याच्या तोंडाशी धरला, आणि लाल दिवा लागलेला होता. संदेशच्या उजव्या हातात नळी होती आणि डावा हात त्यानं सहज दगडावर टेकलेला होता. त्याच्या पोटात आयचा प्रश्न तसाच्या तसा उठला, कुनाच्या रानात. तो ह्या दोघांना द्यायचा? त्यांनी तो वहीत उतरवून त्याच्यावर तांबड्या शाईची खूण मिळवायची? तो म्हणाला, व्हय, लय महत्त्व हाय. मोठं काम असलं की गावातली माणसं हितं येत्यात, डावा हात ठिवत्यात आन गप उभी ऱ्हात्यात. बोलायचं न्हाई. मग काम व्हतं. पोरीनं विचारलं, डावाच का? तो म्हणाला, तसंच हाय पैल्यापासनं. पोरं खूश होऊन गेली. संदेशही खूश झाला, खोटं कशाला सांगू. मौल्यवान वस्तू मागायला आलेल्याच्या हातात पितळ देऊन परत पाठवल्यासारखं त्याला वाटलं. खरी वस्तू घरात सुरक्षित आहे असं वाटलं. माणूस किती बावळट असतो. ज्यांना पितळ आणि सोनं यातला फरक करायचाच नसतो त्यांना पितळ देऊन त्यांचं काय बिघडतं?

त्या पितळेचं त्यांनी देऊळ बांधलं. पहिल्यांदा बारावीची पोरं परीक्षेच्या आदल्या दिवशी दगडाला डावा हात लावायला लागली. मग त्याला शिळास्पर्श असं नाव पडलं. मग नव्या पोरांनी पहिल्या दिवशी अनवाणी तिथवर चालत जायचं ठरलं. वसतिगृहांना गडांची नावं होती, लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना, आणि चारी गडांच्या आरोळ्या होत्या, पण दगडापाशी आरोळी द्यायची नाही, गप्प राहायचं, हा नियम झाला. बाहेर पडलेली पोरं दुबईहून, अमेरिकेतून, लग्न ठरलं की बायकोला घेऊन दगडाला हात लावायला यायला लागली. तोवर संदेशचं लग्न झालं, शालन घरात आली, भांगरवाडीत दोन खोल्यांचा फ्लॅट झाला, आणि त्याला वाटलं आपण त्या दगडापासून लांब आलो. लोणावळ्यात राहणाऱ्या माणसाला पर्यटकांच्या गाड्या, चिक्कीच्या दुकानांचे भोंगे आणि शनिवारची कोंडी एवढंच दिसतं, बाकी सगळं दिसेनासं होतं, आणि त्याला तेच हवं होतं. पण दहावीच्या पहिल्या पेपरला समीक्षाला स्कूटरवरून नेत होता तर ती म्हणाली, पप्पा, आधी कार्ल्याकडून घ्या. कशाला तर म्हणाली, घ्या ना. शाळेच्या दगडी कुंपणापाशी क्लासची बरीच पोरं ओळीनं उभी होती, भिंतीला डावा हात लावून, डोळे मिटून. आत जायला परवानगी नाही, म्हणून भिंतीला. आतल्या दगडाचा गुण भिंतीतून बाहेर येतो असं कोणीतरी ठरवलेलं. त्याची पोरगी उतरली, ओळीत उभी राहिली आणि तिनंही हात लावला. संदेश स्कूटर चालू ठेवून बघत राहिला. आपली थुंकी फिरून आपल्याच अंगावर आली, आणि तीही आपल्या पोरीच्या हातानं.

त्या दिवशी तो बोलला नाही. पेपर संपले, निकाल लागला, पोरगी तालुक्यात नाव काढण्यासारखी पास झाली, आणि शाळेची भूमिकन्या शिष्यवृत्ती जाहीर झाली, आसपासच्या गावांतल्या एका मुलीला अकरावी बारावी फुकट, राहणं जेवण सगळं, फक्त दर वर्षी गुण आणि वर्तन बघून पुढं चालू. मुलाखतीच्या आधी समीक्षा आरशासमोर उभी राहून तयारी करत होती, आमच्या गावात पूर्वीपासून अशी श्रद्धा आहे की, असं, आणि तिथं त्याचा बांध फुटला. त्यानं तिला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. डोझर, विळा, बा, आषाढ, आयचा प्रश्न. आपण टेपरेकॉर्डरला काय सांगितलं तेही. पोरगी रडली. तिनं त्याचा हात धरला. त्याला इतकं हलकं वाटलं की तो जिना उतरून खाली गेला आणि उगाचच नाक्यापर्यंत चालून आला. आणि मुलाखतीत कौमुदी मॅडमनी, म्हणजे शाळेच्या सगळ्या शिक्षणक्रमाच्या ज्या प्रमुख आहेत त्यांनी, तुमच्या परिसराबद्दल सांग असं म्हटल्यावर पोरीनं तेच सगळं सांगितलं. संदेश शेजारच्या खुर्चीत बसलेला. मॅडमनी चष्मा काढला. त्यांचे डोळे खरंच ओले झाले होते, त्यात नाटक नव्हतं, हीच तर चीड आणणारी गोष्ट. त्या म्हणाल्या, "समीक्षा, हे तू लिहून काढायचंस. हे आपल्या शाळेचं आहे." आपल्या शाळेचं. संदेशला उभं राहून काहीतरी म्हणायचं होतं, पण जागा मिळत होती, पोरगी त्याच्याकडं चमकत्या डोळ्यांनी बघत होती, आणि त्यानं मॅडमना हात जोडले.

शाळेत अनुभव-अभ्यास नावाचा विषय असतो. पोरं गावात जाऊन राहतात, म्हशीच्या आचळाला हात लावतात, चुलीच्या धुरात खोकतात, मग परत येऊन गरम पाण्यानं आंघोळ करून त्याच्यावर लिहितात. त्यात निरीक्षणाला वेगळे गुण, मांडणीला वेगळे आणि सहानुभूतीला वेगळे. सहानुभूतीला दहापैकी. समीक्षाला दहापैकी दहा मिळाले, स्वतःच्या आजीबद्दलची सहानुभूती. तिनं ते अभिमानानं फोनवर सांगितलं आणि संदेशनं शाबास म्हटलं, कारण दहापैकी दहाला दुसरं काय म्हणतात. मग त्या लिखाणाचं नाटुकलं ठरलं. डावा हात ठेवायची जुनी परंपरा तशीच राहणार, तिच्या जोडीला दर वर्षी शिळादिनाला हे. आणि आता हा व्हिडिओ. कठड्याला टेकून बसल्या बसल्या त्यानं तो पुन्हा लावला. म्हातारी हसत उठत होती. त्यानं पोरीला फोन केला, तास संपायच्या आत.

त्यानं विचारलं, ती हसत का उठते. समीक्षा म्हणाली, कारण तिला कळतं ना की इथं शाळा होणार आहे, मुलं शिकणार आहेत. आणि तुझे आबा कुठं गेले, त्यांची सही कुठं गेली, त्यानं विचारलं. ती म्हणाली की तो भाग होता, पण खाली सहावीची मुलं बसतात, त्यांना सही बिही जड जाईल असं मॅमना वाटलं, आणि शेवट सकारात्मक हवा. संदेश म्हणाला, ती हसली नव्हती. आपला आवाज चढला हे त्याला शेजारून जाणाऱ्या गँगमननं मान वळवली तेव्हा कळलं.

"मला माहितीये पप्पा ती हसली नव्हती," समीक्षा म्हणाली. "पण तुम्ही तर डावा हात सांगितला होता. मी निदान आजीला तिथं बसवलं तरी."

तिनं हळू आवाजात पुढं सांगितलं की इथं टिकायचं असेल तर पप्पा थोडं ॲडजस्ट करायला लागतं, तुम्हाला नाही कळायचं, माझ्या खोलीतल्या दोघी एकमेकींत बोलताना मला ऐकू जाईल अशा म्हणतात, ही ती दगडवाली. शिष्यवृत्तीचं पुढच्या वर्षीचं ठरायचंय. मग तास संपला आणि फोन बंद झाला. ही ती दगडवाली. बापाच्या काळजात चरकन झालं, आणि त्याच वेळी त्याच बापाच्या मनात आलं की ठीक आहे, पुढच्या वर्षीचं ठरू दे, हसू दे म्हातारीला. ह्या दुसऱ्या विचाराची त्याला पहिल्यापेक्षा जास्त शिसारी आली. अंबाजीच्या मनातही आषाढात असंच काही आलं असेल. पोराला नोकरी लागेल, घरावर पत्रे पडतील, बायकोला नंतर सांगू.

आठवडाभर तो स्वतःशी घोळत राहिला की आयला न्यायचं नाही. तब्येतीचं कारण सांगू, गाडीचं सांगू. पण समीक्षानं परस्पर गावात फोन करून आजीला सांगून टाकलेलं. रविवारी तो गावात पोचला तेव्हा आय, अंबूबाई, लुगडं बदलून, तोंड धुऊन उंबऱ्यात बसलेली होती. म्हणाली, "नात काय करतीय बगू तरी. माजंच कायतरी दावनार हाय म्हनं." तो म्हणाला, आय, ते खरं न्हाई दाखवत. ती म्हणाली, "नाटकात खरं कुटं असतंय." स्कूटरवर मागं बसून तिनं त्याच्या खांद्याला धरलं. तिचा हात आता हलका झाला होता, पेंडीचा फटका लांब मारणारा हात, कावळ्याच्या पायासारखा. रस्त्यात ती एवढंच बोलली की कार्ल्याच्या फाट्यावर पूर्वी वडाखाली चांगलं पाणी असायचं.

गेटवर दोघांच्या गळ्यात निळ्या फितीची ओळखपत्रं अडकवली, त्यावर पाहुणे असं छापलेलं. पहिल्या रांगेत खुर्च्या होत्या. कौमुदी मॅडमनी वाकून आयच्या पायांना हात लावला, शाल पांघरली, आणि एका पोरानं फोटो काढला. थंडीचे दिवस, ऊन कोवळं, लॉन ओलं. प्राचार्यांचं भाषण झालं, त्यात मातीशी नाळ वगैरे आलं. नवी पोरं अनवाणी चालत आली आणि एकेकानं डावा हात ठेवला. गप्प, अगदी गप्प, चारशे पोरं आणि पाखराचा आवाज ऐकू यावा एवढी शांतता, आणि संदेशच्या अंगावर काटा आला, कारण क्षणभर त्यालाही ते खरं वाटलं. आपण खोटं बोललो नव्हतो, असंच होतं पहिल्यापासून, असं वाटलं. मग त्याची पोरगी हिरव्या नऊवारीत आली आणि दगडावर बसली. बसली मात्र खरी. गुडघे फाकून, हात मांडीवर उपडे, कंबरेला विळा, नजर समोर. हे तिला कोणी सांगितलं? संदेशनं नजरेचं सांगितलं नव्हतं. आयनं पुढं वाकून बघितलं. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, तिनं दुसरा बारीक केला.

पोरं ओरडली, आजी, ऊठ ना. समीक्षानं मान हलवली. पुन्हा ओरडली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ओरडली, आणि ती उठली नाही. पोरांच्या गोलात चुळबुळ झाली, कोणीतरी खुसखुसलं, एका कडेला उभ्या कौमुदी मॅडम एक पाऊल पुढं आल्या. समीक्षाची नजर पहिल्या रांगेवर होती. आजीवर की बापावर, ते त्याला कळलं नाही. त्याला वाटलं, आता, आता बोल. आणि आपण तिला काहीतरी खूण करायला हवी, मान हलवायला हवी, हो, बस तशीच, असं. त्याची मान हलली नाही. भाकरीचं फडकं हातात धरल्यासारखे त्याचे दोन्ही हात पोटाशी गोळा झाले. मग पोरगी हसली, गुडघ्यावर हात दिला आणि उठली. टाळ्या. थांबल्यामुळं परिणाम जास्तच झाला होता, टाळ्या थांबेनात.

"उठली का रं?" आयनं विचारलं.

"उठली."

"हसली का?"

त्यानं ओळखपत्राची फीत बोटाला गुंडाळली.

"हसलीच," आय म्हणाली. "दात दिसले मला."

माइकवरून सांगितलं की आता शाळागीत, सर्वांनी उभं राहावं. खुर्च्या सरकल्या, सगळे उठले, संदेशही उठला. अंबूबाई उठली नाही. शाल खांद्यावर, ओळखपत्र पोटावर, हात मांडीवर उपडे. एक तरुण मास्तरीण रांगेच्या कडेनं घाईघाईनं आली आणि हळू आवाजात, फार गोड आवाजात म्हणाली, आजी, उठता ना? आणि संदेशकडं बघून, जरा धरा ना त्यांना. आईला धरून उठवायचं होतं. एवढंच काम होतं. गीत सुरू झालेलं, दगडामागच्या व्यासपीठावर जाऊन समीक्षा नऊवारीत गात होती आणि गाता गाता इकडं बघत होती, प्राचार्य बघत होते, कौमुदी मॅडम बघत होत्या, आणि पुढच्या वर्षीचं ठरायचं होतं. संदेशचे पाय आपोआप वाकले. तो आयच्या शेजारी बसला. मांडीवर हात उपडे ठेवले. सत्तावीस वर्षांनी तो तिच्या बाजूला बसला होता आणि त्याला एकदम रडायला यायला लागलं.

मागच्या रांगेतल्या पोराचा आवाज त्याला ऐकू आला. पोरगं शेजारच्याला म्हणत होतं, आता बसायचं असतं वाटतं. आणि ते बसलं. शेजारचं बसलं. मग ती रांग बसली, मग त्यामागची, काही पालक इकडंतिकडं बघून, शिष्टाचार चुकू नये म्हणून, कोट सावरत बसले. गाणारी पोरं गाता गाता दगडाभोवती मांड्या घालून बसली. शेवटी प्राचार्यही, हसऱ्या तोंडानं, गुडघा धरत, बसले. अख्खी शाळा बसून, हात मांडीवर उपडे ठेवून, शाळागीत गात होती. फार सुंदर दिसत होतं. फोटोवाला पळत होता.

आयनं मान वळवून मागं बघितलं, मग इकडं, मग तिकडं.

"सगळीच बसली," ती म्हणाली. "चल, आपुन जाऊ."

आणि कोणाचा हात न धरता ती उठली. शाल काढून खुर्चीवर ठेवली. बसलेल्या माणसांमधून ती लॉनवरून सरळ गेटकडं चालत निघाली, दगडाच्या इतक्या जवळून की तिचा पदर त्याला घासला असेल, पण तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. समीक्षाचं तोंड गाताना उघडं होतं ते तसंच राहिलं. संदेशनं तिच्याकडं बघितलं, तिनं बापाकडं बघितलं, आणि ती व्यासपीठावरून उतरली नाही. मग तो आईच्या मागं गेला.

फाट्याच्या पुढं आयनं स्कूटर थांबवायला लावली. तिला कंबर मोकळी करायची होती. वडाची सावली राहिलेली नाही, वड रस्ता रुंद करताना गेला, वडापावच्या टपऱ्या आहेत. एका टपरीच्या बाकावर ती बसली आणि चाळीस पावलांवरच्या खाचरांकडं, भात काढून मोकळ्या पडलेल्या कोणाच्या तरी खाचरांकडं बघत राहिली. फोन थरथरला. दोनदा. संदेशनं उघडून वाचलं. पप्पा, सगळ्यांना खूप आवडलं. मॅम म्हणतायत शाळागीत दर वर्षी बसूनच घेऊया, आणि आजीचं ते मधूनच उठून जाणंही ठेवायचं का, तेवढं आजीला विचारा.

"समी का?" आय म्हणाली. "काय म्हनती?"

किती वर्षांनी तिनं कोणाला तरी काहीतरी विचारलं होतं, असं त्याच्या मनात आलं, आणि ते खरं नव्हतं, सकाळपासून ती विचारतच होती. त्याचा डावा हात बाकाच्या फळीवर टेकलेला होता. तो त्यानं उचलून घेतला.

"जेवलात का, म्हणतीय."

"सांग तिला," अंबूबाई खाचरांवरची नजर न काढता म्हणाली, "जेवलो म्हनावं. पोटभर."